'हॉरर'ला लाटव्हियन भाषेत काय म्हणतात? भीतीचे शब्द आणि त्यात दडलेलं आपलं 'भय'

समजा, रीगा शहरात एका घरातले दिवे गेले. लहान मूल आईला बिलगून म्हणालं, "मान बाइल नुओ तुम्सास." या वाक्याचा अर्थ, "मला अंधाराची भीती वाटते."

शब्द अनोळखी वाटतात. पण 'बाइल' आणि आपलं 'भय' एकाच मुळातून आलेत. 'तुम्सा' म्हणजे अंधार, आणि तो संस्कृतमधल्या 'तमस्'चा सख्खा चुलतभाऊ आहे. हेच वाक्य इंग्रजीत 'आय ॲम अफ्रेड ऑफ द डार्क' असं होतं, आणि त्यात आपल्या ओळखीचं काहीच सापडत नाही. रीगा मुंबईपासून हजारो किलोमीटर लांब आहे, तरी भीतीच्या बाबतीत तिथली भाषा इंग्रजीपेक्षा आपल्या जवळची निघते.

हॉरर सिनेमे, वेब सिरीज आणि रील्समुळे हॉरर, टेरर, क्रीपी, स्पूकी हे शब्द आपल्या तोंडात बसलेत. या लेखात त्यांचे लाटव्हियन प्रतिशब्द पाहू, ते कुठून आले ते पाहू, आणि शेवटी अशा एका शब्दाची गोष्ट वाचू ज्याच्या मागे खरोखरची दहशत उभी आहे.

आधी थोडी ओळख

लाटव्हिया हा युरोपच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्राच्या काठावरचा छोटा देश. वर एस्टोनिया, खाली लिथुआनिया, पूर्वेला रशिया आणि बेलारूस. लोकसंख्या १९ लाखांपेक्षा थोडी कमी, म्हणजे एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. राजधानी रीगा. देश २००४ साली युरोपियन युनियनमध्ये गेला आणि लाटव्हियन ही युनियनची एक अधिकृत भाषा झाली.

ही भाषा बाल्टिक गटातली. या गटातल्या दोनच भाषा आज जिवंत आहेत, लाटव्हियन आणि लिथुआनियन. लाटव्हियन रोमन लिपीत लिहितात. इथे ते शब्द देवनागरीत दिले आहेत, त्यामुळे उच्चार जवळपासचे समजा. 'झ' हा 'झाड'मधल्यासारखा म्हणा. साधारणपणे जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो.

शब्दांची यादी

पहिला शब्द इंग्रजी, दुसरा लाटव्हियन, पुढे मराठी अर्थ.

*भीतीचे प्रकार*

फिअर – बाइलेस – भीती. सगळ्यात साधा आणि रोजचा शब्द.
हॉरर – शाउस्मास – थरकाप, भयंकर भीती.
ड्रेड – बाइस्मास – आत दाटून येणारं भय. कशाचं ते धड सांगता येत नाही.
फ्राइट – इझबीलिस – दचकणं, अचानक बसलेली धडकी.
पॅनिक – पानिका – घबराट, भंबेरी.
फोबिया – फोबिया – एखाद्या गोष्टीची अनाठायी, आवरता न येणारी भीती.
अँग्झायटी – त्राउक्स्मे – घालमेल, जीव खालीवर होणं.
वरी – राइझेस – काळजी.
ॲप्रिहेन्शन – बाझास – धास्ती, 'असं तर होणार नाही ना' ही शंका.
टेरर – शाउस्मास किंवा तेरोर्स – मनातली दहशत असेल तर पहिला शब्द, राजकीय दहशत असेल तर दुसरा.
डेंजर – ब्रिएस्मास – धोका.

*वर्णन करणारे शब्द*

हॉरिबल – शाउस्मीग्स – भयानक.
टेरिबल – ब्रिएस्मीग्स – भयंकर.
डेंजरस – बीस्ताम्स – धोकादायक.
इअरी – बाइस – गूढ आणि अंगावर येणारं.
ग्रूसम – शाउशालीग्स – बीभत्स, पाहवणार नाही असं.
फिअरलेस – बेझबाइलीग्स – निर्भय. 'बेझ' म्हणजे 'शिवाय'.

*माणसं, भुतं आणि वस्तू*

घोस्ट – स्पुओक्स किंवा रेग्स – भूत.
मॉन्स्टर – ब्रिएस्मुओनिस – राक्षस. 'ब्रिएस्मास' म्हणजे धोका, त्यावरूनच हा शब्द झाला.
नाइटमेअर – नाक्त्स मुर्ग्स – वाईट स्वप्न.
हॉन्टेड हाउस – स्पुओकु माया – भुतांचं घर.
हॉरर फिल्म – शाउस्मु फिल्मा – भयपट.
स्केअरक्रो – पुत्नुबिएदेक्लिस – बुजगावणं. शब्दशः 'पक्षी घाबरवणारा'.
कावर्ड – ग्ल्येवुलिस – भ्याड. बोलीत गमतीनं 'झाक्यपास्ताला' म्हणतात. 'झाक्यिस' म्हणजे ससा आणि 'पास्ताला' म्हणजे जुन्या पद्धतीची चामड्याची चप्पल. आपल्याकडेही भित्रा म्हटलं की ससाच आठवतो.

यादीत एक गोष्ट लक्षात आली असेल. बाइलेस, शाउस्मास, बाइस्मास, राइझेस, बाझास, ब्रिएस्मास हे शब्द लाटव्हियनमध्ये अनेकवचनी चालतात. 'एक भीती' अशी तिथे सहसा नसतेच, भीती येते ती घोळक्यानं. मराठीत 'हाल' हा शब्द असा आहे. आपण 'हाल झाले' म्हणतो, 'एक हाल झाला' असं कोणी म्हणत नाही.

'मी घाबरलेला आहे' की 'मला भीती वाटते'?

इंग्रजीत भीती वाटणारा माणूस वाक्याचा कर्ता असतो. 'आय ॲम अफ्रेड' म्हणजे 'मी घाबरलेला आहे.'

लाटव्हियनमध्ये 'मान इर बाइल' म्हणतात. 'मान' म्हणजे 'मला', 'इर' म्हणजे 'आहे', 'बाइल' म्हणजे भीती. बोलताना 'इर' गाळलं तरी चालतं. ही रचना थेट आपल्या 'मला भीती वाटते'सारखी आहे. भीती माणूस करत नाही, ती त्याच्याकडे येते. मला भूक लागते, मला थंडी वाजते, तशी मला भीती वाटते.

आता 'नुओ' हा शब्द बघा. त्याचा अर्थ 'पासून'. म्हणजे लाटव्हियन माणसाला अंधारा'पासून' भीती वाटते, कुत्र्या'पासून' भीती वाटते. संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. ज्याची भीती वाटते त्याची पंचमी विभक्ती होते, असा नियम पाणिनीनं सांगितला आहे. 'चोराद् बिभेति' म्हणजे 'चोरापासून भितो'. मराठीत आपण 'चोराला भितो' किंवा 'चोराची भीती वाटते' म्हणू लागलो. लाटव्हियननं 'पासून' सोडलेलं नाही.

बाइलेस आणि भय: नातं नेमकं काय?

संस्कृतमध्ये 'भी' हा धातू आहे. त्यावरून भय, भीती, भीरू, भीषण, भीम हे शब्द आले. मराठीतलं भिणं, भित्रा, भ्याड, भेदरणं हे सगळं याच घरातलं.

लाटव्हियनमध्ये 'बीतिएस' हे क्रियापद आहे, अर्थ 'भिणं'. त्याच्याच कुळात बाइलेस म्हणजे भीती, बाइदीत म्हणजे घाबरवणं, आणि बीस्ताम्स म्हणजे ज्याला भ्यावं असं, अर्थात धोकादायक. रशियन भाषेतलं 'बयात्सा', म्हणजे भिणं, हेही त्याच मुळाचं.

संस्कृतच्या 'भ'च्या जागी तिथे 'ब' कसा? हा योगायोग नाही, ठरलेला बदल आहे. संस्कृतमध्ये जिथे भ, ध असे महाप्राण वर्ण आहेत, तिथे बाल्टिक भाषांत साधे ब, द येतात. आणखी उदाहरणं बघा.

भ्राता – ब्रालिस, म्हणजे भाऊ.
धूम – दूमि, म्हणजे धूर.
भय – बाइलेस.

असे बदल एका शब्दात दिसले तर योगायोग म्हणता येतो. शेकडो शब्दांत एकाच नियमानं दिसले, की भाषांचं नातं सिद्ध होतं. कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा असं मांडलं. पुढच्या अभ्यासातून जे कुटुंब समोर आलं, त्याला इंडो-युरोपियन भाषाकुल म्हणतात. मराठी, इंग्रजी आणि लाटव्हियन या तिन्ही भाषा त्याच कुळातल्या.

मग इंग्रजी शब्दांचं काय?

तिथेही आपली माणसं भेटतात, पण वेष बदलून.

*हॉरर.* हा शब्द लॅटिनमधून आला. तिथल्या क्रियापदाचा मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं, शहारणं. संस्कृतमध्ये याच मुळाचा धातू 'हृष्' आहे, अर्थ तोच, केस उभे राहणं. त्यावरून 'रोमहर्ष' झाला आणि त्यावरूनच 'हर्ष', म्हणजे आनंद! अंगावरचे केस भीतीनंही उभे राहतात आणि आनंदानंही. लॅटिननं भीतीची वाट धरली, आपण आनंदाची. त्यामुळे आपल्याकडे क्रिकेटचा सामना 'रोमहर्षक' होतो आणि तिकडे सिनेमा 'हॉरर' होतो.

*टेरर.* हाही लॅटिनच. त्याचं मूळ आणि संस्कृतमधल्या 'त्रस्' धातूचं मूळ एकच. 'त्रस्' म्हणजे भीतीनं थरथरणं. आज मराठीत 'त्रास' शब्दाला केवढीशी धार उरली आहे बघा. डासांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, नेटवर्कचा त्रास. एकेकाळी तो थरकाप होता.

*पॅनिक.* ग्रीकांचा 'पान' नावाचा रानातला देव होता. निर्जन जागी अचानक वाटणारी भीती तो घालतो, अशी समजूत होती. त्यावरून हा शब्द आला.

*फोबिया.* ग्रीक 'फोबोस' म्हणजे भीती. ग्रीक कथांत फोबोस हा युद्धदेवाचा मुलगा आहे. मंगळाचे दोन उपग्रह १८७७ साली सापडले, त्यातल्या एकाला हेच नाव मिळालं. दुसऱ्याचं नाव डेमोस, त्याचा अर्थही दहशत.

*फिअर.* जुन्या इंग्रजीत याचा अर्थ 'अचानक आलेलं संकट' असा होता. आधी बाहेरचं संकट आणि मग मनातली भीती, असा त्याचा प्रवास झाला.

*स्पूकी.* इंग्रजी 'स्पूक' डचमधून आला आणि लाटव्हियन 'स्पुओक्स' जुन्या उत्तर जर्मनमधून. दोन्ही मूळचे एकच. रीगा शहराची स्थापना १२०१ साली जर्मन धर्मगुरू आणि व्यापाऱ्यांनी केली, आणि पुढची काही शतकं तिथे जर्मन भाषिकांचा वरचष्मा होता. मालाबरोबर भुतंही आली म्हणायची.

देवाला भिणारा माणूस

'बीतिएस'वरून आलेला आणखी एक शब्द 'बियीबा'. इंग्रजीत 'ऑ' म्हणतात ती भावना, म्हणजे मोठ्या गोष्टीपुढे वाटणारा आदर आणि दरारा. लाटव्हियनमध्ये भीती आणि आदर अशा प्रकारे एकाच मुळातून निघतात.

याच मुळापासून 'दिएवबियीग्स' झाला. 'दिएव्स' म्हणजे देव, पुढचा भाग 'भी'चा भाऊबंद. अर्थ धार्मिक, पापभीरू. मराठीत याला शब्द आहे 'देवभीरू'. दोन्ही भाषांनी आपापला शब्द स्वतंत्रपणे जोडला, पण विटा त्याच वापरल्या.

पण थांबा, फॉरवर्ड करण्याआधी

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, 'बघा, लाटव्हियन भाषा संस्कृतमधूनच निघाली!' असे मेसेज फिरतही असतात. ते खरं नाही. लाटव्हियन संस्कृतची मुलगी नाही. दोघी एकाच, फार जुन्या आणि आज कोणीही न बोलणाऱ्या भाषेच्या वारसदार आहेत. चुलत बहिणींचं नाक सारखं असलं म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

दुसरी चूक म्हणजे नुसता उच्चार ऐकून नातं जोडणं. लाटव्हियनमध्ये 'माया' म्हणजे घर. आपल्या मायेशी त्याचा काही संबंध नाही. 'बाइल' ऐकून कोणाला जुन्या मराठीतली 'बाईल', म्हणजे बायको, आठवेल. तिचाही या भीतीशी संबंध नाही, उगाच मीम बनवू नका. शब्द खरंच नातेवाईक आहेत की नाही, हे वर पाहिलेल्या नियमानं ठरतं, कानाला काय वाटतं त्यावर नाही.

अंगावर काटा, पाठीवर मुंग्या

भीती अंगात कशी उतरते, हे प्रत्येक भाषा आपापल्या पद्धतीनं सांगते. आपल्या अंगावर काटा येतो. इंग्रजी माणसाला 'गूसबम्प्स' येतात. लाटव्हियनमध्ये 'झुओसादा' म्हणतात, म्हणजे हंसाच्या जातीच्या त्या पाळीव पक्ष्याची कातडी. गंमत म्हणजे आपला 'हंस', इंग्रजी 'गूस' आणि लाटव्हियन 'झुओस' हे तिन्ही शब्दही एकाच मुळाचे.

लाटव्हियन माणूस घाबरला की त्याच्या पाठीवरून छोट्या मुंग्या धावतात. आपल्याकडे मुंग्या येतात त्या मांडी घालून फार वेळ बसलं की, त्यामुळे भाषांतर करताना जपून. त्याचे केस उभे राहतात, ते आपल्यासारखेच. आणि त्याची 'दूशा', म्हणजे हिंमत, टाचांत जाते. आपल्याकडे पोटात गोळा येतो, पायाखालची जमीन सरकते, पाचावर धारण बसते.

म्हण विचाराल तर तिथे 'बाइलेम लिएलास आत्सिस' म्हणतात, म्हणजे भीतीचे डोळे मोठे असतात. घाबरलेल्याला सगळं मोठं दिसतं. 'आत्सिस' म्हणजे डोळे, आपल्या 'अक्षि'च्या नात्यातला शब्द. आपली जवळची म्हण 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'.

तिथली भुतं

लाटव्हियाचा निम्म्याच्या आसपास भाग जंगलानं व्यापलेला आहे. हिवाळ्यात दिवस अगदी छोटा असतो. अशा ठिकाणी भुतांच्या गोष्टी नसल्या तरच नवल.

*वादाताय्स.* जंगलातून जाणाऱ्याची वाट चुकवणारं भूत. नाव 'इकडून तिकडे फिरवणं' या अर्थाच्या क्रियापदावरून आलं आहे. माणूस फिरफिर फिरतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. गावाकडे आजीकडून गोष्टी ऐकल्या असतील तर तुम्ही लगेच म्हणाल, हा तर आपला चकवा!

*लिएतुवेन्स.* झोपेत छातीवर बसून दाबणारा आत्मा. गळा दाबून मारलेल्या, बुडालेल्या किंवा फाशी गेलेल्या माणसाचा हा आत्मा, असं मानत. सुटका करायची तर डाव्या पायाचं बोट हलवायचं. आज डॉक्टर या अनुभवाला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. जाग आलेली असते, पण शरीर काही क्षण हलत नाही. अशा वेळी एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा, हा सल्ला आजही दिला जातो. इंग्रजी 'नाइटमेअर'मधली 'मेअर' म्हणजे घोडी नाही बरं का. तीही झोपलेल्याच्या छातीवर बसणारी अशीच एक बाधा होती.

*नाक्त्स मुर्ग्स.* 'नाक्त्स' म्हणजे रात्र. आपल्याकडे दिवसभर उपास करून रात्री जेवायच्या व्रताला 'नक्त' म्हणतात, तोच हा शब्द. 'मुर्ग्स' म्हणजे भास, भ्रम.

*विल्काचिस.* माणसाचा लांडगा होतो तो. 'विल्क्स' म्हणजे लांडगा, आपल्याकडच्या 'वृक'चा भाऊबंद. भीमाला 'वृकोदर' म्हणतात, म्हणजे लांडग्यासारखं पोट असलेला, त्यातला हा वृक.

या विल्काचिसची एक गोष्ट कोर्टाच्या कागदांत आहे. आजच्या लाटव्हियात असलेल्या युर्गेन्सबुर्ग इथे १६९१-९२ मध्ये थीस नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याची चौकशी झाली. त्यानं सरळ कबूल केलं, की आपण लांडगा होतो. पण आपण सैतानाचे नाही, देवाची कुत्री आहोत, असं त्याचं म्हणणं होतं. नरकात जाऊन चेटक्यांनी पळवलेलं धान्य परत आणायचं, म्हणजे गावाचं पीक वाचतं. न्यायाधीशांनी आणि धर्मगुरूंनी समजावूनही म्हातारा मागे हटला नाही. शेवटी फटके आणि हद्दपारी अशी शिक्षा झाली. ज्याला सगळे भीत होते, तो स्वतःला गावाचा राखणदार समजत होता.

'भयंकर छान' आणि भयाचं खरं वर्ष

आता आपण रोज करतो ती गोष्ट. 'भयंकर आवडलं', 'भयानक गर्दी', 'जबरी भीती घातली राव'. इंग्रजीतही हेच. 'टेरिबली सॉरी' म्हणणारा घाबरलेला नसतो, आणि 'टेरिफिक' हा तर 'टेरर'च्याच घरातला शब्द कौतुकाचा होऊन बसला आहे.

लाटव्हियनमध्ये हे काम 'बाइगी' करतो. 'बाइगी लाबी' म्हणजे 'भयंकर भारी'. तरुणांच्या तोंडात हा शब्द सारखा असतो. 'बाइग्स' म्हणजे भीषण, 'बाइलेस'च्या कुळातला. पण याच शब्दाची दुसरी ओळख फार वेगळी आहे.

सोव्हिएत फौजांनी १७ जून १९४० रोजी लाटव्हिया ताब्यात घेतला. अटका आणि हत्या सुरू झाल्या. १४ जून १९४१ च्या रात्री घराघरांतून बायका, मुलं, म्हातारे उचलून रेल्वेच्या मालडब्यांत भरले आणि सायबेरियाकडे व सोव्हिएत संघाच्या इतर दूरच्या भागांत पाठवले. पंधरा हजारांहून जास्त माणसं. अनेक जण परत आले नाहीत. लाटव्हियन लोक या काळाला 'बाइगाइस गाद्स' म्हणतात, म्हणजे भीषण वर्ष.

या नावालाही डाग आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात नाझी जर्मनीनं सोव्हिएतांना हुसकावून लाटव्हिया घेतला. नाझींच्या ताब्यात असताना, १९४२ मध्ये, 'बाइगाइस गाद्स' याच नावाचं प्रचारी पुस्तक निघालं. सोव्हिएत अत्याचारांचे फोटो आणि नोंदी दाखवून त्याचा दोष ज्यूंवर ढकलण्याचं काम ते करत होतं. आणि त्याच्या काही महिने आधी, ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत, रीगाजवळच्या रुम्बुला जंगलात नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी सुमारे २५ हजार ज्यूंना ठार मारलं होतं. एका भीषण वर्षाचं नाव घेऊन दुसरी भीषण गोष्ट झाकायचा तो प्रयत्न होता. लोकांचं दुःख खरं होतं, त्याचा वापर मात्र खोट्यासाठी झाला. म्हणून हा शब्द वाचताना तो कोण, कशासाठी वापरतंय हे पाहावं लागतं.

रीगात आणखी एक शब्द आहे, ज्यात भीतीचा उल्लेखसुद्धा नाही. 'स्तूरा माया', म्हणजे कोपऱ्यावरचं घर. सोव्हिएत काळात गुप्त पोलिसांचं मुख्यालय एका मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत होतं. लोक तिचं अधिकृत नाव घेत नसत, 'कोपऱ्यावरच्या घरात नेलं' एवढंच म्हणत. समोरच्याला कळायचं. ही इमारत २०१४ साली लोकांना बघायला खुली झाली.

शाउस्मास, बाइस्मास, ब्रिएस्मास असा भरलेला शब्दकोश हाताशी असताना, खऱ्या भीतीच्या वेळी लोकांनी निवडला तो 'घर' हा साधा शब्द.

कोणता शब्द कधी वापरायचा?

सिनेमाबद्दल बोलायचं असेल तर शाउस्मास. कुत्र्याची, उंचीची, अंधाराची रोजची भीती असेल तर बाइलेस. मुलाच्या परीक्षेची काळजी असेल तर राइझेस. काही वाईट घडेल अशी धास्ती असेल तर बाझास.

मनाच्या तक्रारीबद्दल बोलत असाल तर त्राउक्स्मे. हा शब्द 'धोक्याची घंटा' या अर्थानंही चालतो, हवाई हल्ल्याचा इशाराही त्राउक्स्मेच. कारण समोर नसताना आत घंटा वाजत राहणं, अँग्झायटीचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. मोबाइलवर भाषांतर करताना मात्र हा फरक तपासा, नाहीतर तुमची घालमेल समोरच्याला सायरन वाटेल.

आणि सुरुवातीचं ते अंधाराला घाबरलेलं मूल? त्याची आई त्याला म्हणेल, "नेबाइदिएस." यातला 'ने' म्हणजे आपला 'न', आणि पुढे तोच 'भी'चा भाऊबंद.

मराठीत सांगायचं तर, "भिऊ नकोस."